आधी नजर, मग हात: मिश्र लष्करी नेटवर्कवर सॉफ्टवेअर एजंट बसवण्याचा क्रम

तळावर फायबर आणि दहा गिगाबिटचे राउटर. तिथून पुढे डोंगरावरच्या टॉवरांमधून जाणारा रेडिओ रिले. त्यापुढे गाडीवर चढवलेली व्हीसॅटची, म्हणजे छोट्या उपग्रह-स्थानकाची डिश, आणि अगदी टोकाला सेकंदाला २४०० बिट नेणारा एचएफ (लघुलहरींवरचा) रेडिओ. मध्ये कुठेतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा स्विच, ज्याला कन्सोल केबल लावल्याशिवाय काही विचारता येत नाही. हे सगळं मिळून एक नेटवर्क असतं आणि ते सांभाळायला माणसं मोजकीच असतात. म्हणून एजंट हवेत. एजंट म्हणजे उपकरणात किंवा त्याच्या शेजारी बसलेला छोटा प्रोग्रॅम. तो स्वतः पाहतो, ठरवून दिलेल्या मर्यादेत निर्णय घेतो, आणि केंद्राशी संपर्क तुटला तरी काम चालू ठेवतो.

गोंधळ तंत्रज्ञानामुळे फारसा होत नाही, क्रम चुकल्यामुळे होतो. आधी एजंट बसवला जातो, मग त्याला ॲडमिनचा पासवर्ड दिला जातो, आणि नेटवर्कचा नकाशा "नंतर काढू" म्हणून राहून जातो. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दोन टप्पे एकत्र उरकायचा मोह होईल, विशेषतः पाचवा आणि सातवा. तो आवरा.

टप्पा १: मोजणी, पण लिंकपासून

बहुतेक जण उपकरणांच्या यादीपासून सुरुवात करतात: कंपनी, मॉडेल, सिरीयल नंबर. ती यादी लागतेच, पण एजंटच्या दृष्टीने लिंकची यादी जास्त महत्त्वाची. प्रत्येक लिंकसमोर पाच गोष्टी लिहा: खरा वेग किती, जाऊन-येऊन वेळ किती लागतो, ती तुटणं नेहमीचं आहे की बिघाड समजायचा, तिच्यावर कधीही प्रसारण करायची मुभा आहे का, आणि तिचा मालक कोण.

दुसऱ्या रकान्यात अंदाज चालत नाही. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. नुसतं वर जाऊन खाली यायला सिग्नलला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न आणि उत्तर मिळून अर्धा सेकंद, उपकरणांचा वेळ वेगळा. एसएनएमपी ही उपकरणांना त्यांची हालहवाल विचारायची ठरलेली भाषा. ती वापरणाऱ्या नेट-एसएनएमपीसारख्या साधनात उत्तराची वाट पाहण्याची ठरलेली मुदत एक सेकंद असते आणि पुन्हा विचारण्याची संख्या पाच. फायबरवर ते उत्तम चालतं. गर्दीच्या व्हीसॅटवर मात्र उत्तर यायच्या आत तोच प्रश्न पुन्हा जातो, आणि आधीच तुंबलेल्या लिंकवर आपणच भर घालतो.

मग उपकरणं. प्रत्येक उपकरण कोणती भाषा बोलतं ते लिहा: नेटकॉन्फ (कॉन्फिगरेशन वाचायची-बदलायची भाषा), एसएनएमपी आवृत्ती ३, फक्त तिचीच जुनी आवृत्ती २सी, फक्त कमांड लाइन, की काहीच नाही. लिंक-१६ सारखे लष्करी डेटा लिंक या भाषांच्या बाहेरचे. तिथे एजंट फार तर गेटवेवर (दोन जाळी जोडणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवू शकतो, रेडिओच्या आत डोकावू शकत नाही. त्यांना यादीत "फक्त गेटवे" असा शेरा मारा.

सावध: एलएलडीपी (शेजारच्या उपकरणाला आपली ओळख सांगायची पद्धत) चालवून आपोआप नकाशा काढला की काम झालं असं वाटतं. एलएलडीपी फक्त थेट जोडलेला शेजारी दाखवतं, तोही एलएलडीपी बोलणारा असेल तरच. रेडिओची हवेतली उडी, मधला मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची तार आणि फायबर जोडणारा डबा), क्रिप्टो यंत्रामागचं (संदेश गुप्त लिपीत बदलणाऱ्या यंत्रामागचं) जग यातलं काही त्यात येत नाही. आपोआप आलेला नकाशा प्रिंट काढून त्या जागेवर रोज ड्युटी करणाऱ्या ऑपरेटरसमोर ठेवा. लाल पेनाने केलेल्या दुरुस्त्या हाच खरा नकाशा.

तपासा: यादीतली कोणतीही दहा उपकरणं निवडा आणि प्रत्यक्ष जाऊन पाहा. एकही चुकलं तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: सीमा आखून घ्या

नागरी नेटवर्कसाठी लिहिलेल्या पुस्तिकांमध्ये हा टप्पा जवळपास नसतो. लष्करी नेटवर्कमध्ये मात्र याच्याशिवाय काहीच सुरू होत नाही.

पहिली सीमा गोपनीयतेच्या पातळीची. अमेरिकी सैन्याचं उदाहरण घ्या: निप्रनेट, सिप्रनेट आणि जेविक्स ही तीन वेगळ्या पातळ्यांची वेगळी नेटवर्कं आहेत. एक एजंट एकाच पातळीचा. दोन पातळ्यांमधली माहिती एकाच कन्सोलवर पाहायची असेल तर खालून वर एकाच दिशेने जाणारी वाट, म्हणजे डेटा डायोड, लागते. इथे हमखास चूक होते. डायोडमधून पोलिंग, म्हणजे ठरावीक वेळाने विचारत राहणं, होत नाही, कारण उत्तराला परतीची वाटच नसते. उपकरणाने आपणहून पाठवायच्या खबरीचा एसएनएमपीतला "इन्फॉर्म" प्रकारही अडतो, कारण त्याला पोच हवी असते. पोच न मागणारा साधा "ट्रॅप" आणि यूडीपीवरचा, म्हणजे पोच न मागता पाठवलेला, सिसलॉग (उपकरणाच्या नोंदी) जातो, पण हरवला तर कळत नाही. म्हणून प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक द्या. पलीकडे ४१७ नंतर ४१९ आला की ४१८ गेला हे लगेच दिसतं.

दुसरी सीमा मौनाची. रेडिओ शांतता पाळायची असते तेव्हा दर तीस सेकंदांनी "मी जिवंत आहे" असा संदेश पाठवणारा एजंट शत्रूला आपली जागा सांगत असतो. एजंटला मौनाची अवस्था असलीच पाहिजे. ती एका आदेशासरशी लागू व्हावी, आणि केंद्राशी बोलणं न होताही जागेवरून लावता यावी. याची दुसरी बाजू केंद्रात आहे. मौनात गेलेलं ठाणं म्हणजे "बंद पडलेलं ठाणं" नव्हे, हे केंद्राच्या एजंटला आधी शिकवावं लागतं. नाहीतर तो संपर्क परत आणायच्या प्रयत्नात त्याच ठाण्यावर प्रश्नांचा मारा करेल.

तिसरी सीमा पकडलं जाण्याची. पुढच्या ठाण्यावरचं उपकरण परक्या हातात पडू शकतं. प्रत्येक एजंटची किल्ली (ओळख पटवणारा गुप्त कोड) वेगळी ठेवा, ती केंद्रातून रद्द करता यावी आणि जागेवर पुसता यावी. एजंटजवळ फक्त त्याच्या शेजाऱ्यांचा नकाशा असावा. संपूर्ण नेटवर्कचा नकाशा टोकाच्या एजंटमध्ये ठेवणं ही अक्षम्य चूक आहे.

टप्पा ३: उद्दिष्ट आकड्यांत लिहा

"नेटवर्क मजबूत व्हावं" हे उद्दिष्ट नाही. एजंटांवर काम करताना चांगलं उद्दिष्ट कसं दिसतं, याचा माझ्या माहितीतला सर्वांत स्पष्ट नमुना अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेच्या अल्ट्रालॉग प्रकल्पाचा. तो रसद-नियोजनाचा होता आणि कूगार नावाच्या जावामधल्या एजंट-रचनेवर उभा होता. त्यांनी लिहिलेलं ध्येय असं: माहिती-यंत्रणेचा ४५ टक्के भाग गेला तरी क्षमता २० टक्क्यांपेक्षा जास्त आणि कामगिरी ३० टक्क्यांपेक्षा जास्त घसरू नये, तेही १८० दिवसांच्या मोहिमेइतक्या काळात.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण साचा हाच ठेवा: किती गेलं तरी, किती टिकलं पाहिजे, किती काळ. आठव्या टप्प्यावर तोडून पाहाल तेव्हा निकाल याच ओळीवरून लागेल.

टप्पा ४: एजंट कुठे बसवायचा

कागद-पेन्सिल घ्या. एसएनएमपी आवृत्ती ३ चा एक प्रश्न आणि त्याचं उत्तर, सगळी आवरणं धरून, मिळून ४०० बाइट धरू. म्हणजे ३२०० बिट. सेकंदाला २४०० बिटच्या एचएफ लिंकवर त्याला १.३३ सेकंद लागतात. एका उपकरणाची चाळीस मूल्यं एकेक करून विचारली तर ५३ सेकंद. केंद्रातून दर मिनिटाला ती विचारली तर लिंकवर संदेशांना जागाच उरत नाही. एचएफवर दिशा बदलायला लागणारा वेळ मी यात धरलेलाच नाही.

यातून निघणारा नियम सरळ आहे: विचारणारा अरुंद लिंकच्या अलीकडे, म्हणजे उपकरणाच्या बाजूला बसला पाहिजे. तो तिथल्या तिथे हवं तितकं पोलिंग करेल, आणि लिंकवरून फक्त दोन गोष्टी पाठवेल: ठरलेल्या वेळी छोटा गोषवारा आणि काही बिनसलं तर तेवढंच.

शक्यतो एजंट उपकरणाच्या आत न बसवता शेजारी, वेगळ्या छोट्या संगणकावर बसवा. राउटरची मेमरी एजंटने खाल्ली तर रोगापेक्षा औषध भारी व्हायचं. आवृत्ती २सी शिवाय काही न बोलणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी हाच उपाय उपयोगी पडतो. २सी चा परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जातो. एजंटचा संगणक आणि ते उपकरण यांच्यात हातभर केबल ठेवा, २सी तेवढ्यातच राहू द्या, बाहेर फक्त आवृत्ती ३.

तपासा: प्रत्येक लिंकवर व्यवस्थापनाची वाहतूक जास्तीत जास्त किती टक्के, हा आकडा लिहिला का? अरुंद लिंकवर मी पाच टक्क्यांच्या वर जात नाही. आणि ती मर्यादा एजंटमध्ये घातली का? नुसती कागदावर असून उपयोग नाही.

टप्पा ५: नुसतं पाहणं

एजंट बसला. आता त्याला फक्त वाचायचा अधिकार द्या, निदान चार आठवडे. नेटवर्कच्या कामाचा पूर्ण फेरा, म्हणजे सराव, हालचाल, खराब हवामान, त्याच्या नजरेखालून गेला पाहिजे. या काळात एजंट नेटवर्क शिकतो, आणि तुम्ही एजंट कुठे फसतो ते शिकता. फसण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

मोजपट्टीचं गुंडाळणं. जुना ३२ बिटचा वाहतूक-काउंटर एक गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो. मिनिटामिनिटाला वाचणाऱ्या एजंटला मग वाहतूक मध्येच कमी झाल्यासारखी दिसते. जिथे मिळतो तिथे ६४ बिटचा काउंटरच वाचा.

खोटं रीस्टार्ट. उपकरण किती वेळ चालू आहे हे सांगणारं सिस-अपटाइम हे मूल्य ४९७ दिवसांनी शून्यावर येतं. एजंट "राउटर रीस्टार्ट झाला" अशी बोंब मारतो आणि माणसं मध्यरात्री धावतात. खात्री करायला एसएनएमपी आवृत्ती ३ मधला इंजिन-बूट्सचा, म्हणजे किती वेळा नव्याने सुरू झालं याचा, आकडा पाहा. तो वाढला नसेल तर रीस्टार्ट झालेलाच नाही.

बदललेलं उपकरण. खराब राउटर काढून तोच कॉन्फिगरेशन नव्या राउटरवर चढवला, पासवर्डही तोच, तरी एजंटला प्रवेश मिळत नाही. कारण आवृत्ती ३ ची किल्ली पासवर्ड आणि उपकरणाचा इंजिन-आयडी (त्याचा ओळखक्रमांक) मिळून बनते, आणि नव्या राउटरचा आयडी वेगळा असतो. याच्या उलट, एका प्रतिमेवरून क्लोन केलेल्या दोन उपकरणांचा आयडी एकच निघाला तर एजंट दोघांची सरमिसळ करतो. उपकरण बदलण्याच्या कामाच्या यादीत "इंजिन-आयडी तपासणे" ही ओळ घाला.

घड्याळं. जीपीएस दाबून टाकलं जाऊ शकतं हे धरूनच चाला. घड्याळं सरकली की दोन ठाण्यांच्या लॉगमध्ये परिणाम आधी आणि कारण नंतर दिसायला लागतं. वेळेसोबत चढता क्रमांक ठेवा, आणि घड्याळ किती सरकलंय याचा अंदाज एजंटलाच दर संदेशात लिहू द्या.

टप्पा ६: निदान सांगू दे, हात लावू देऊ नको

आता एजंट म्हणेल, "माझ्या मते अमुक बिघडलंय आणि मी असतो तर तमुक केलं असतं." प्रत्यक्षात काही करणार नाही. ड्युटीवरचा ऑपरेटर शेजारच्या रकान्यात स्वतःने काय केलं ते लिहील. आठवड्याच्या शेवटी दोन रकाने शेजारी ठेवून वाचा.

एक रिले तुटला की त्यामागची सगळी उपकरणं गायब होतात आणि पडद्यावर अलार्मचा पूर येतो. चांगला एजंट त्यातून "रिले क्रमांक चार" एवढंच वर काढतो. त्यासाठी त्याला कोण कोणावर अवलंबून आहे हे माहीत लागतं, म्हणजे पहिल्या टप्प्यातला लाल पेनाचा नकाशा. निदान वारंवार चुकत असेल तर एजंटचे नियम घासत बसू नका, आधी नकाशा तपासा. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

सावध: एजंटने कारण सांगितलं पाहिजे. "लिंक बदला" एवढंच पुरे नाही. "सलग पाच मोजण्यांत सिग्नल उंबरठ्याखाली, शेजारची रिले लिंक ठीक" असं हवं. कारण न सांगणारा एजंट कितीही हुशार असला तरी त्याला पुढच्या टप्प्यावर नेऊ नका.

टप्पा ७: कृतीचा अधिकार, एकेक करून

अधिकार उपकरणावर देऊ नका, कृतीवर द्या. आधी ज्या कृती सहज उलटवता येतात त्या: अलार्म गप्प करणं, निदानाच्या चाचण्या चालवणं. मग वाहतूक पर्यायी लिंकवर वळवणं. कॉन्फिगरेशन बदलणं सर्वांत शेवटी. क्रिप्टो यंत्र, फायरवॉलचे नियम आणि गोपनीयतेच्या सीमेवरचं काहीही एजंटच्या हाती कधीच नाही.

कॉन्फिगरेशन बदलताना परतीची दोरी आधी बांधा. नेटकॉन्फमध्ये "कन्फर्म्ड कमिट" आहे: बदल लागू होतो, पण ठरलेल्या मुदतीत पुष्टी आली नाही तर उपकरण आपणहून जुन्यावर परत जातं. मुदत सांगितली नाही तर ती ६०० सेकंद असते. सगळी उपकरणं ही सोय देत नाहीत. सत्र सुरू होताना उपकरण "हॅलो" संदेशात आपल्या क्षमता सांगतं, त्यात ती आहे का हे एजंटने दर वेळी पाहावं. दुसरी खाच: पुष्टीआधी सत्र तुटलं तर मुदतीची वाट न पाहता बदल लगेच उलटतो, "पर्सिस्ट" लावलं असेल तरच टिकतो. डळमळत्या लिंकवरून दूरचं उपकरण बदलताना यामुळे लोक चक्रावतात. एजंट शेजारी बसवण्याचं हे आणखी एक कारण.

नेटकॉन्फ नसलेल्या सिस्कोच्या जुन्या राउटरवर जुनीच युक्ती: आधी "रीलोड इन १०" (दहा मिनिटांनी रीस्टार्ट हो), मग बदल, मग तपासणी, आणि सगळं ठीक असेल तरच रीलोड रद्द करून सेव्ह. सेव्ह आधी केलं तर दोरी कापल्यासारखं होतं. रीस्टार्टनंतरही बिघडलेलाच कॉन्फिगरेशन वर येईल.

आता फ्लॅपिंगबद्दल, म्हणजे वाहतूक दोन लिंकमध्ये सारखी इकडून तिकडे होण्याबद्दल, थोडं थांबून सांगते, कारण एजंटवरचा विश्वास सर्वांत जास्त इथे उडतो. पावसाची सर आली की घरच्या डिश टीव्हीचं चित्र गोठतं, तेच व्हीसॅटचं होतं. मी सांभाळत असलेल्या एका मिश्र नेटवर्कमध्ये पावसाळ्यातल्या एका रात्री ११:०४ ला सर लागली. सिग्नल खाली गेला, एजंटने वाहतूक रेडिओ रिलेवर वळवली. ११:०६ ला सर ओसरली, एजंटने ती परत डिशवर आणली. ११:०९ ला पुन्हा सर, पुन्हा रिले. दर वेळी एनक्रिप्शनचा बोगदा नव्याने बांधावा लागत होता आणि तेवढा वेळ आवाज बंद पडत होता. लॉगमध्ये एजंटची प्रत्येक कृती नियमाप्रमाणे बरोबर होती. पहाटे ऑपरेटरने एजंट बंद केला, आणि त्याने योग्यच केलं.

उपाय असा: जायचा आणि परतायचा उंबरठा वेगळा ठेवा. जायला सलग तीन वाईट मोजण्या, परतायला सलग वीस मिनिटं चांगली. त्यावर आणखी एक कुलूप: एका तासात एकाच लिंकवर तीनपेक्षा जास्त बदल नाहीत. चौथ्यांदा गरज वाटली तर एजंटने थांबून माणसाला हाक मारायची.

दोन एजंट एकाच लिंकच्या दोन टोकांना असतील तर दोघंही तिला "दुरुस्त" करू पाहतील. एका वेळी एकाच्याच हातात ताबा असावा, तो ठरावीक वेळेचा असावा आणि वेळ संपली की आपोआप सुटावा. कायमचा ताबा घेतलेला एजंट मधेच बंद पडला तर कुलूप कोणालाच उघडता येत नाही.

सावध: सगळे एजंट एकाच वेळी एकच निष्कर्ष काढतात तेव्हा सर्वांत मोठं नुकसान होतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं अंतर्गत जाळं देखभालीच्या एका आदेशाने तुटलं. धोकादायक आदेश अडवणाऱ्या तपासणी-साधनातच दोष होता. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकांना) डेटा सेंटर दिसेनासं झालं. प्रत्येकाने शिकवल्याप्रमाणे "मी नीट नाही" असं ठरवून स्वतःला इंटरनेटवरून मागे घेतलं, आणि सेवा काही तास जगातून नाहीशी झाली. त्यामुळे एजंटला हा नियम हवाच: माझ्यासोबत बरेच शेजारी एकदम तोच निर्णय घेताना दिसत असतील, तर माघार घेऊ नको, आहे तसा थांब.

टप्पा ८: मुद्दाम तोडा

तिसऱ्या टप्प्यातला कागद बाहेर काढा. आधी केंद्राची केबल काढा आणि पाहा: टोकाचे एजंट आपापलं काम चालू ठेवतात का? मग रिले बंद करा. मग एका एजंटला जाणूनबुजून खोटी मोजणी द्या. मग मौनाचा आदेश द्या आणि रेडिओवर खरंच काही जात नाही ना, हे स्पेक्ट्रम ॲनालायझर लावून पाहा. एजंटच्या स्वतःच्या अहवालावर विसंबू नका.

केंद्र परत जोडल्यावरची पहिली पाच मिनिटं विशेष बघा. तुटलेल्या काळात साठलेले अहवाल सगळे एजंट एकदम सोडतात आणि नुकतीच उठलेली लिंक त्याखाली पुन्हा झोपते. साठा हळूहळू, महत्त्वाचं आधी आणि जुनं शेवटी, असा सोडायला शिकवा.

तपासा: एका बटणासरशी सगळे एजंट "फक्त पाहा" अवस्थेत जातात का? ड्युटीवरच्या सर्वांत नव्या माणसाला विचारा, बटण कुठे आहे. त्याने दाखवलं नाही तर चाचणी नापास.

टप्पा ९: एजंटची स्वतःची देखभाल

नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर हेच हल्लेखोराला सर्वांत हवं असलेलं घर. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या सोलरविंड्स प्रकरणात नेटवर्क-देखरेखीच्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्येच घुसखोरांचा कोड होता, अपडेटवर कंपनीची खरी डिजिटल सही होती, आणि तो सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोचला असावा असं कंपनीनेच सांगितलं. सही जुळली म्हणून अपडेट निर्धोक होत नाही. आधी वेगळ्या प्रयोगजाळ्यात चालवा आणि तो नव्याने कोणाशी बोलायला लागलाय का ते बघा.

निर्धोक अपडेटही सगळीकडे एकदम सोडू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना आडवं करून गेली. कंपनीने ती ७८ मिनिटांत मागे घेतली, पण आडवे झालेले कितीतरी संगणक माणसांनी एकेक करून उठवले. डोंगरावरच्या ठाण्यावर "एकेक करून" याचा अर्थ हेलिकॉप्टर किंवा दोन दिवसांची चढण. म्हणून आधी तळावरचा एक एजंट, मग तळावरचे सगळे, मग ज्या ठाण्यांवर माणूस हजर आहे ती, आणि माणूस नसलेली ठाणी सर्वांत शेवटी. प्रत्येक पायरीमध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. जुनी आवृत्ती एजंटच्या संगणकावरच ठेवा आणि नवी तीनदा उठली नाही तर जुनी आपोआप चालू होईल अशी सोय करा.

उपकरण नेटवर्कमधून काढताना त्याचा एजंटही त्याच दिवशी काढा: किल्ली रद्द, शेजाऱ्यांच्या नकाशातून नाव वजा, डिस्क पुसलेली. मी पाहिलेल्या एका नेटवर्कमध्ये काढून टाकलेल्या राउटरचा एजंट कपाटातल्या संगणकावर कित्येक महिने चालू होता आणि त्याची किल्लीही वैध होती. यादीशी ताळा केला तेव्हाच तो सापडला. हा ताळा दर महिन्याला करा: चालू किल्ल्या किती आणि उभी उपकरणं किती. दोन आकडे जुळेपर्यंत नवी किल्ली देऊ नका.